डॉक्टर घरच्यांना काही सांगत नाहीत? मग तुम्ही सांगा

भावाचे मानसिक आजारावरचे उपचार सुरू झाले तेव्हा पहिलं वर्षभर मी केबिनबाहेरच्या बाकड्यावर बसून काढलं. काही विचारलं की एकच उत्तर, पेशंटच्या परवानगीशिवाय सांगता येणार नाही. ते बरोबरच आहे हो, पण मला वाटलं आपणही तोंड बंद ठेवायचं, आणि तिथेच चुकलं. गोपनीयता म्हणजे त्यांनी त्याचं मला सांगायचं नाही, माझं ऐकून घ्यायला कुणाची आडकाठी नसते. आत हा "झोप छान लागते" म्हणून पाच मिनिटांत मोकळा, आणि घरी रात्री 2 ला अख्खं कपाट रिकामं करून परत लावत बसलेला!

तर आधी एक वही करा. "पुन्हा बिघडलाय" असलं लिहू नका, जे दिसलं तेच लिहा, कितीला झोपला, गोळी चुकली का, बडबड वाढली की एकदम गप्प झाला. अपॉइंटमेंटला त्यातलं अर्धं पान काढून द्या, शक्यतो त्याला दाखवूनच, कारण फाइलला लागलेला कागद उद्या तो वाचूही शकतो आणि मग चोरून चिठ्ठ्या दिल्या म्हणून जो राग धरतो तो निस्तरताना नाकी नऊ येतात.

डॉक्टरांनी आपल्याला सांगावं ही परवानगी त्याच्याकडे मागायची ती तो बरा असताना. आणि "डॉक्टरांनी सगळं सांगितलं तर चालेल का?" असं नाही विचारायचं, त्याला नाहीच म्हणणार कोणीही. औषधांचं सांगा, थेरपीतलं नको, असं वेगवेगळं ठरवून घेता येतं, ते फाइलमध्ये लिहून घ्या. नाहीच मिळाली तरी आजाराची आणि औषधांची सर्वसाधारण माहिती विचारता येतेच. उदाहरणार्थ लिथियम (मूड स्थिर ठेवायचं औषध) चालू असताना जुलाब-उलट्या झाल्या तर रक्तातलं प्रमाण वाढून त्रास होऊ शकतो, हे घरात माहीत हवंच ना.

फॅमिली सेशन, म्हणजे पेशंट आणि घरचे एकत्र बसून थेरपिस्टशी बोलतात ती, आहेत का तेही विचारा. मला आधी वाटायचं आपल्यालाच दोष द्यायला बोलावतात, तसं नसतं. ब्रिटनच्या नाइस या आरोग्य संस्थेच्या गाइडलाइनमध्ये स्किझोफ्रेनियासाठी 3 महिने ते 1 वर्षात अशी किमान 10 सेशन सांगितलीत, म्हणजे एकदा बोलावून चार उपदेश केले की झालं असं नाही.

डिस्चार्जच्या आधी, रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा ते विचारून नंबर घ्या आणि तो रात्रीच एकदा लावून बघा. आम्हाला दिलेला नंबर संध्याकाळी 5 नंतर कोणी उचलतच नव्हतं.