मेदवृद्धीसाठी मुळांचा काढा: निवड, कृती आणि दक्षता

काढा सुरू करण्यापूर्वी लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी) करून घ्यावे आणि कंबरेचा घेर मोजून ठेवावा. भारतीय पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या पुढे धोका वाढतो. त्या तपासणीतील ट्रायग्लिसराइड ही चरबी 500 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असल्यास स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, तेव्हा काढ्याच्या नादी न लागता थेट डॉक्टरांना गाठावे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, अतिस्थूल व्यक्तीसाठी बिल्वादि पंचमूळ मधासह सांगितले आहे. बेल, टेंटू, शिवण, पाडळ आणि अरणी ही ती पाच मुळे. मूळ खणले की झाडच जाते, त्यामुळे बाजारात मुळाऐवजी खोडाची साल सर्रास खपवली जाते. म्हणून नागपूरच्या इतवारी बाजारात काष्ठौषधी (वाळवलेल्या मुळ्या-साली) घेताना ‘पंचमूळ द्या’ एवढ्यावर न थांबता मुळाचीच साल मागावी, आणि तयार भुकटी टाळावी, कारण तिच्यात काय कुटले आहे ते डोळ्यांना कळत नाही.

आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर याच्या नियमाप्रमाणे औषधाच्या सोळा पट पाणी घेऊन ते एक अष्टमांश उरेपर्यंत आटवायचे असते. म्हणजे 10 ग्रॅम भरडीला 160 मिलिलिटर पाणी आणि शेवटी उरणारा काढा 20 मिलिलिटर. हा अंदाज हमखास चुकतो. त्यासाठी आधी स्टीलच्या पातेल्यात 20 मिलिलिटर पाणी ओतून चमचा उभा धरावा, ओल जिथवर चढेल तिथे दांड्यावर खूण करावी, आणि मग मंद आचेवर, झाकण न ठेवता, काढा त्या खुणेपर्यंत आटवावा. मध काढा निवल्यावरच घालावा. मधुमेह्यांनी मध वगळावा. नागपूरच्या उन्हाळ्यात काढा लवकर आंबतो, तेव्हा रोज ताजाच करावा. सकाळी काढा आणि नऊ वाजता तवंगाची तर्री, असा बेत असेल तर मात्र गॅस वाया घालवू नये.

दारुहळदीच्या मुळातील बर्बेरीन या घटकाने एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) काही प्रमाणात उतरते. चांगला तुकडा मोडल्यावर आत पिवळाधमक दिसतो व जिभेला कडू लागतो. परंतु बर्बेरीनमुळे काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते, त्यामुळे स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्या) किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी ती परस्पर घेऊ नये; गरोदर व स्तनदा स्त्रियांनी तर मुळीच नाही. चित्रकमूळ दाहक व गर्भपातक असल्याने घरगुती प्रयोगातून वगळलेलेच बरे. मात्रा वैद्यांकडूनच ठरवून घ्यावी. त्यासाठी सक्करदऱ्याचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथे जाताना लिपिडचा अहवाल आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, आणि स्टॅटिन स्वतःच्या मनाने बंद करू नये.