गरम गाडीला लांब सेल्फ: रिटर्न नसलेल्या पेट्रोल लाइनमधली गळती

सोलापूरच्या मे महिन्यात गाडी दहा मिनिटं उन्हात बंद ठेवली की लांब सेल्फ मारावा लागे. सकाळी मात्र एका झटक्यात सुरू.

जुन्या पद्धतीत रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब ठरावीक ठेवणारा झडप) इंजिनवरच्या रेलला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीला असायचा. उरलेलं पेट्रोल इंजिनची उष्णता घेऊन टाकीत परतायचं, टाकी तापायची, वाफ वाढायची. पेट्रोलची वाफ हवेत जाण्याबद्दलचे नियम कडक झाले तसा कंपन्यांनी रेग्युलेटर टाकीतल्या पंपाशेजारी नेला. परतीचा पाइपही वाचला, खर्च घटला. पण रेलमधलं पेट्रोल आता फिरत नाही. गाडी बंद केल्यावर दाब उतरला की तिथेच वाफ धरते, म्हणून लांब सेल्फ.

रेलला गेज लावला. चालू इंजिनला ३.५ बार, अगदी बरोबर. बंद केल्यावर काही मिनिटांत शून्य. लाइनमध्ये कॉक जोडून तो इंजिन थांबताच बंद केला, तर दाब टिकला. म्हणजे इंजेक्टर निर्दोष, गळती टाकीकडे. (नायलॉनचा पाइप चिमट्याने दाबू नका, तडकतो.)

मागच्या सीटखालून पंप मॉड्यूल काढलं. रेग्युलेटरची ओ-रिंग (रबरी सीलचं कडं) कडक होऊन चिरली होती. त्याच मापाची व्हिटॉनची, म्हणजे पेट्रोल सहन करणाऱ्या रबराची बसवली. साधं रबर पेट्रोलमध्ये फुगतं. टाकीच्या तोंडाचं सीलही नवं टाकलं.

पाइप सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. नाहीतर पेट्रोलचा फवारा अंगावर येतो.