माइनक्राफ्ट सर्व्हरवर मॉड टाकण्याआधी

सोलापुरात एक जुळे सोलापूर भागात, दुसरा होटगी रोडला, अशी पोरं मिळून माइनक्राफ्ट जावाचा (कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीचा) सर्व्हर चालवत असाल, तर आधी लोडर ठरवा. मॉड म्हणजे खेळात बदल करणारी जोड-फाइल, आणि लोडर म्हणजे मॉड चालवणारा प्रोग्राम; फॅब्रिक आणि फोर्ज हे असे दोन लोडर. फॅब्रिकचा मॉड थेट फोर्जवर चालत नाही, माइनक्राफ्टची आवृत्तीही जुळावी लागते. नवे ब्लॉक आणणारा मॉड सर्व्हरवर आणि प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवरही लागतो. लिथियमसारखा वेग सुधारणारा मॉड नुसता सर्व्हरवर पुरतो, म्हणून सुरुवात त्यानेच करा.

सर्व्हर बंद करून ‘वर्ल्ड’ फोल्डरची कॉपी काढाच. मॉड काढला की त्याचे ब्लॉक जगातून जातात. मेहनतीनं उभारलेल्या भुईकोट किल्ल्याच्या तटाला भगदाडं पडतील. मग ‘मॉड्स’ फोल्डरमध्ये एकेक मॉड टाकून बघा. सर्व्हर अडला तर ‘लॉग्ज’मधली ‘लेटेस्ट’ फाइल उघडा, कुठला मॉड नडतोय ते बहुतेक वेळा तिथंच सापडतं.