कॅराव्हॅनच्या स्टेअरिंगला ग्रीस: हात न पोचणारे निप्पल कसे गाठायचे

कॅराव्हॅन आतनं घर असली तरी खालनं ती टाटा 407 नाहीतर आयशर ट्रकची चासीच (गाडीचा लोखंडी सांगाडा) असते आणि मालाच्या गाडीला जसं वेळेवर ग्रीस लागतं तसंच हिलापण लागतं. अडचण अशी की बॉडी बांधताना खाली पाण्याची टाकी, बॅटरी बॉक्स, पायऱ्या असं काय काय कोंबलेलं असतंय, त्यामुळं मूळ चासीवर सहज दिसणारे निप्पल, म्हणजे ग्रीस भरायची बारकी तोंडं, आता दिसतच नाहीत. मग जे दिसतात त्यांना दोन-दोन पंप मारले जातात आणि बाकीचे कोरडेच राहतात. पसरणी घाटात वळण संपल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ यायला मागत नसेल, ओढून आणावं लागत असेल, तर किंगपिन (पुढचं चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं ती) कोरडे पडलेत का ते पहिलं बघा.

मी इथं पुढं सरळ एक्सल आणि पाटे असलेल्या चासीबद्दल बोलतोय. काही गाड्यांना बॉल जॉइंट (स्टेअरिंगच्या दांड्यांच्या टोकाचे गोल सांधे) सीलबंद येतात, त्यांना निप्पलच नसतो, तिथं फक्त रबरी बूट फाटलाय का बघायचं. म्हणून सगळ्यात आधी चासीचं मॅन्युअल घ्या, कॅराव्हॅनचं नव्हे, आणि त्यातल्या चित्रावरनं निप्पल किती आणि कुठं ते मोजा. साधारण हे सापडतील: दोन्ही बाजूंच्या किंगपिनला वर-खाली, टायरॉडच्या (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) दोन्ही टोकांना, ड्रॅग लिंकच्या (स्टेअरिंग बॉक्सकडनं चाकाकडं जाणारा दांडा) दोन्ही टोकांना आणि स्टेअरिंग कॉलमच्या यूजे क्रॉसला (युनिव्हर्सल जॉइंटचा अधिक चिन्हासारखा तुकडा). प्रत्येक निप्पल हुडकून पुसा आणि शेजारी पिवळ्या ऑइल पेंटचा ठिपका द्या, पुढच्या वेळी अर्धा वेळ वाचतो.

खाली शिरण्याआधी टाकीतलं पाणी सोडून द्या. दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, आणि गाडी जॅकवर असताना ते हिंदकळलेलं अजिबात परवडत नाही. गॅसचा सिलिंडर बंद करा. जमीन सपाट आणि टणक पाहिजे, हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दोन्हीकडनं लाकडी ठोकळे लावा. कॅराव्हॅनला उभी करताना समतोल करायचे जे जॅक बसवलेले असतात त्यांच्या भरवशावर कधीच खाली जायचं नाही, एक्सलखाली जड स्टँड लावूनच जायचं. हे सांगताना मी कुणाची भीड ठेवत नाही.

आता हात कसा पोचवायचा. चाकं सरळ असताना किंगपिनचा आतला निप्पल आणि ड्रॅग लिंकचं टोक टायरच्या मागं दडलेलं असतं, म्हणून स्टेअरिंगच वळवून घ्यायचं. उजव्या चाकाच्या आत एक्सलच्या मागच्या बाजूनं हात घालायचा असेल तर स्टेअरिंग पूर्ण डावीकडं, टायरची मागची कड बाहेर येते आणि मधी चांगली जागा होते. पुढच्या बाजूनं जायचं असेल तर उलटं. डाव्या चाकाला याच्या बरोब्बर विरुद्ध. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू करून वळवा, टोकाला दाबून धरू नका, मग इंजिन बंद, चावी स्वतःच्या खिशात, आणि त्यानंतरच खाली.

ग्रीस गनला लोखंडी नळीऐवजी फूट-दीड फुटाचा लवचिक होज लावा आणि पुढं निप्पलला पकडून ठेवणारा लॉकिंग कपलर (गनचं तोंड), कारण एका हातानं कपलर दाबून दुसऱ्यानं पंप मारायला तिथं जागाच नसते. निप्पल अगदीच आडवा येत असेल तर सरळ काढून 45 किंवा 90 अंशाचा बसवा. आटे बहुतेक 6, 8 नाहीतर 10 मिलिमीटरचे असतात पण जुना निप्पल दुकानात नेऊनच नवा घ्या, अंदाजानं पिळलं तर आटे गेले.

यूजे क्रॉस सगळ्यात जास्त सुटतो. ड्रायव्हरच्या पायाखाली, इंजिनच्या गरमीत असतो, आणि निप्पल क्रॉसच्या मधोमध दोन फाट्यांच्या बेचक्यात, तिथं साधा कपलर शिरतच नाही. सुईसारखं टोक असलेला नोझल घ्या. चाकं उचललेली असतील तर कुणाला तरी वर बसवून इंजिन न लावता स्टेअरिंग हळूहळू फिरवायला सांगा, निप्पल खाली तोंड करून आला की "थांब" म्हणायचं. स्टेअरिंग फिरत असताना बोटं बाहेर. ग्रीस क्रॉसच्या चारही टोकांच्या टोप्यांतनं डोकावलं पाहिजे, तीनच टोप्यांतनं आलं तर स्टेअरिंग थोडं इकडंतिकडं करून परत मारा.

पंप मोजत बसू नका, काय बाहेर येतंय ते बघा. आधी जुनं काळं ग्रीस येतं, कधी हिंगाच्या खड्यासारखं वाळलेलं, मग रंग बदलून नवं दिसायला लागलं की बास. लालसर, गंजाचं आलं तर पाणी शिरलंय समजा आणि स्वच्छ येईपर्यंत मारा. बूट असलेल्या बॉल जॉइंटला मात्र हात आवरायचा, बूट जरा फुगला की थांबा नाहीतर फाटतो. किंगपिनला चाक जमिनीवर ठेवून मारायचं का उचलून, हे एक्सलगणिक बदलतं, कारण थ्रस्ट बेअरिंगची (गाडीचं वजन पेलणारं बेअरिंग) फट वजनानं दबते. मॅन्युअलमधे जे लिहिलंय तेच करा. काही पॉवर स्टेअरिंग बॉक्सलासुद्धा निप्पल असतो, तिथं हातगनच वापरायची आणि हलकंच, हवेच्या गननं सील उडतं.

निप्पल ग्रीस घेतच नसेल तर आतली गोळी बारीक खिळ्यानं दाबून बघा, नाहीतर निप्पल बदला. नव्या निप्पलमधनंपण जात नसेल तर आतली वाट बंद झालीय, ते काम मिस्त्रीचं. आणि जोर करताना होज चिरलेला नाही ना बघा, हातगनमधेसुद्धा शेकडो बारचा दाब असतो. ग्रीस कातडीतनं आत गेलं तर दुखलं नाही तरी त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात जायचं, बोट जाऊ शकतं.

ग्रीस लिथियमचं, ईपी 2 ग्रेडचं (जादा दाब सोसणारं) बहुतेक ठिकाणी चालतं. व्हील बेअरिंगचं एपी 3 जास्त घट्ट, लांब होजमधनं जायला त्रास देतं. वेगवेगळ्या जातीचं ग्रीस एकमेकांत मिसळू नका, काही जोड्या पातळ होऊन गळून जातात.

कॅराव्हॅन किलोमीटर कमी करते आणि उभीच जास्त असते, त्यामुळं किलोमीटरवर जाऊ नका, महिन्यावर जा. माझ्या मते एकदा पावसाच्या आधी मे अखेरीस आणि एकदा खंडेनवमीला. कास-बामणोलीकडं पावसात फिरणं झालं असेल तर दुसरी वेळ चुकवूच नका. खंडेनवमीला पूजेआधी गाडी प्रेशरनं धुतात ना, ते पाणी नेमकं जॉइंटमधे घुसतं, म्हणून आधी धुवा आणि मग ग्रीस.

खाली आहातच तर वरच्याला स्टेअरिंग थोडंथोडं हलवायला सांगून प्रत्येक जॉइंटवर हात ठेवून बघा. टकटक जाणवली तर प्ले, म्हणजे सैलपणा आहे, ग्रीसनं तो जात नाही, जॉइंट बदलून अलाइनमेंट करून घ्या. सगळं झाल्यावर बाहेर आलेलं ग्रीस पुसून काढा, ब्रेककडं एक थेंब जाता कामा नये, मग यवतेश्वरच्या घाटात एक चक्कर मारून या आणि परत एकदा खाली वाकून पुसा.