बाण कडक की मऊ? साध्या रिकर्व्हला बाण जुळवताना

नवं धनुष्य घेतलं की सगळे विचारतात, किती पौंडांचं, म्हणजे ओढायला किती जोर लागतो? बाण कितीचा, हे कुणी विचारत नाही. मग बाण सारखे एकाच बाजूला जायला लागले की माणूस महिनाभर आपल्या बोटांना दोष देत बसतो. मीही बसलो होतो. कोणत्या धनुष्याला कोणता बाण हे सांगणाऱ्या दुकानातल्या तक्त्यावर विसंबून डझनभर कार्बन शाफ्ट, म्हणजे बाणाच्या नुसत्या काड्या, एका बैठकीत 28 इंचांवर कापून घेतले आणि सगळे कडक निघाले. कापलेला शाफ्ट पुन्हा जोडता येत नाही. त्यातले दोन आता गच्चीवरच्या टोमॅटोला आधार देतात.

इथे मी बोलतोय ते लाकडी, साध्या रिकर्व्हबद्दल, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याबद्दल. बाण शेल्फवर, म्हणजे मुठीच्या वरच्या खाचेवर, टेकवायचा आणि बोटांनी सोडायचा. ऑलिंपिकच्या रिकर्व्हला बाजूने स्प्रिंगचं बटण असतं, ते थोडीफार चूक पोटात घालतं. कंपाउंडची, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याची, गोष्ट आणखी निराळी. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने सुवर्ण जिंकलं ते कंपाउंडवर. तिथे दोरी बोटांऐवजी रिलीज नावाच्या यांत्रिक खटक्याने सुटते, त्यामुळे बाण आडवा फारसा वाकत नाही. म्हणून कंपाउंडवाल्या मित्राचा तक्ता आपल्या कामाचा नाही.

आपल्या बोटांवरून दोरी सुटताना किंचित बाजूला सरकते. बाणाचा मधला भाग आधी धनुष्याकडे दाबला जातो, मग उलट बाजूला फुगतो आणि शेपूट रायझरला, म्हणजे धनुष्याच्या मधल्या जाड भागाला, न घासता निघून जाते. हे लवणं वेळेवर झालं तर बाण सरळ जातो. बाण किती लवतो याचं माप म्हणजे स्पाइन.

आकडा आधी नीट वाचा

कार्बन शाफ्ट 28 इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवतात आणि मधोमध 1.94 पौंड, म्हणजे 880 ग्रॅम वजन टांगतात. तो अर्धा इंच लवला तर स्पाइन 500. आकडा मोठा तितका बाण मऊ. लाकडी बाणांचा हिशेब उलटा: आधार 26 इंचांवर, वजन 2 पौंड, आणि 26 ला लवणाच्या इंचांनी भागून येणारा आकडा पौंडांत. तिथे आकडा मोठा तितका बाण कडक. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून घोळ घालणारे मी पाहिलेत.

स्वतःचं माप घ्या

धनुष्यावर 45 पौंड लिहिलंय ते 28 इंच ओढल्यावरचं. तुम्ही 27 ओढत असाल तर इंचामागे दोन-तीन पौंड कमी धरा. अंदाजापेक्षा मोजलेलं बरं. लांब बाणावर अर्ध्या अर्ध्या इंचाच्या खुणा करा, पूर्ण ओढा आणि धनुष्याच्या पुढच्या कडेला कोणती खूण येते ते मित्राला बघायला सांगा. मग सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा दोरीला अडकवून त्याच खुणेपर्यंत ओढा. काटा 19 किलो दाखवत असेल तर तुमच्या बोटांवर सुमारे 42 पौंड येतात. बाण या 42 ला जुळवायचा, छापलेल्या 45 ला नाही.

सुरुवातीचे शाफ्ट

40 ते 45 पौंडांना कार्बनमध्ये बहुधा 500 किंवा 600 लागतो. दोन्हींचे दोन-दोन शाफ्ट घ्या, डझन नको, आणि पूर्ण लांबीचेच घ्या. 100, 125, 150 आणि 175 ग्रेनची टोकं जवळ ठेवा (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं छोटं माप). टोक बसवायला हॉट मेल्ट गोंद वापरा, म्हणजे थोडं तापवून काढता येईल. थेट कार्बनला आंच देऊ नका. बाणाचं एकूण वजन पौंडामागे 8 ग्रेनच्या खाली जाऊ नये. 42 पौंडांना 336 ग्रेन, म्हणजे साधारण 22 ग्रॅम. फार हलक्या बाणाने धनुष्यालाच मार बसतो. आणि शेल्फवरून मारायचं तर पिसंच हवीत. प्लॅस्टिकचे पंख शेल्फला आपटतात.

बिनपिसांचा बाण

खरा निकाल इथे लागतो. एकाच जातीचे, एकाच लांबीचे दोन बाण घ्या: एक पिसांचा, एक बिनपिसांचा. बिनपिसाच्या शेपटीला पिसांच्या वजनाइतकी टेप गुंडाळा, कारण मागचं वजनही बाणाला थोडं कडक करतं. प्रत्येक फेरीआधी कार्बन शाफ्ट हलका वाकवून, फिरवून कान लावा. करकर ऐकू आली तर तो बाद. तडकलेला शाफ्ट सुटताना फुटून हातात घुसू शकतो.

पहिले बाण पाच-सहा मीटरवरून मारा, मग 15-18 मीटरवर जा. आधी वर-खाली बघा. बिनपिसाचा खाली लागतो तर नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण अडकवायची जागा, खाली घ्या, वर लागतो तर वर. हे जमेपर्यंत डावं-उजवं वाचूच नका.

मग उजव्या हाताने ओढणाऱ्याने असं वाचावं: बिनपिसाचा बाण पिसांच्या बाणाच्या उजवीकडे लागला तर तो मऊ, डावीकडे लागला तर कडक. डावखुऱ्यांनी उलटं. एका बाणावरून ठरवू नका. सहा-सात फेऱ्या मारून घोळक्याचा मध्य धरा. शेपूट कुठे वळली यावर मी फारसा भरवसा ठेवत नाही, टार्गेटचं गवत तिला हवं तसं वळवतं.

एक फसवणूक मात्र लक्षात ठेवा. अतिमऊ बाण कधी रायझरवर आपटून डावीकडे उडतो आणि कडक असल्याचं सोंग आणतो. शंका आली तर हलकं टोक लावा. बाण मध्याकडे सरकला तर तो मुळात मऊच होता.

दुरुस्ती

मऊ बाण कडक करायला हलकं टोक लावा, नाहीतर मागून पाव इंच कापा आणि पुन्हा मारा. पुन्हा पाव इंच. कंटाळा येतो, पण माझा डझन वाया गेला तो नेमका हा कंटाळा टाळताना. कापायला घासून कापणारी चकती वापरा आणि तोंडाला मास्क लावा. हॅक्सॉने कार्बनच्या चिरफळ्या निघतात. बिनपिसाचा अजून चार बोटं उजवीकडे लागत असतानाच थांबा, थोडा मऊ बाण चालतो. पूर्ण ओढल्यावर धनुष्यापुढे किमान एक इंच शाफ्ट उरलाच पाहिजे.

कडक बाणाला 25-25 ग्रेनने टोक जड करा. तरी डावीकडेच जात असेल तर शेल्फच्या बाजूचं चामडं पातळ करा. त्यानेही भागलं नाही तर पुढचा मऊ आकडा घ्या. दोरी डॅक्रॉनवरून, म्हणजे जुन्या, ताणणाऱ्या धाग्यावरून, नव्या वेगवान धाग्यावर नेलीत तर सगळं पुन्हा तपासा. तोच बाण आता मऊ वागेल. जुन्या धनुष्याला तशी दोरी लावण्याआधी मात्र त्याची टोकं ती पेलतील का, बनवणाऱ्याला विचारा.

माझ्या 42 पौंडांना शेवटी 600 स्पाइन, 29 इंच आणि 125 ग्रेन जमलं. माझ्याइतकंच वजन ओढणाऱ्या मित्राला 500 लागतो. त्याची दोरी बोटांवरून माझ्यापेक्षा स्वच्छ सुटते, शिवाय त्याचा शेल्फ धनुष्याच्या मध्यरेषेच्या आत कापलेला आहे.