ताडपत्रीच्या दोरीला सरकगाठ कशी मारावी

पावसाळ्यात त्र्यंबकजवळ एका शेतात मुक्काम होता. संध्याकाळी ताडपत्रीच्या दोऱ्या ताणून खुंट्यांना निरगाठी मारल्या. रात्री पाऊस लागला, भिजलेलं नायलॉन सैलावलं, ताडपत्रीला पोट सुटून त्यात घागरभर पाणी साचलं. ओल्या निरगाठी काही केल्या सुटेनात. तेव्हापासून खुंटीला मी सरकगाठच मारतो.

सुरगाठ ओढली की सुटते, निरगाठ सुटता सुटत नाही. ही दोन्हींच्या मधली: हाताने सरकते, ताण आला की जागीच आवळते. इंग्रजीत हिला टॉट-लाइन हिच म्हणतात.

दोरी ३-४ मिलिमीटरची, विणलेली घ्या. पॉलिएस्टर उत्तम, ते भिजून फारसं ताणत नाही. गुळगुळीत प्लास्टिकच्या दोरीवर गाठ घसरते.

१. दोरीचं एक टोक ताडपत्रीच्या कडीला पक्कं बांधा. दुसरं खुंटीला वळसा घालून परत ताडपत्रीकडे आणा. हातभर टोक मोकळं हवं.

२. खुंटीपासून दीड वितीवर हे टोक ताणाच्या, म्हणजे ताडपत्रीकडून खुंटीला येणाऱ्या दोरीवरून न्या आणि खालून फासाच्या, म्हणजे खुंटीभोवतीच्या वळशाच्या आत काढा. तसाच दुसरा वेढा द्या, पण पहिल्याच्या खुंटीकडच्या बाजूला. बहुतेकांचं इथेच चुकतं. वेढे फासाच्या बाहेर पडले तर गाठ धरतच नाही, कारण ताण आल्यावर दोरी या आतल्या वेढ्यांपाशीच मुरडते आणि त्या घर्षणावर सगळं टिकतं.

३. आता टोक दोन्ही वेढे ओलांडून ताडपत्रीच्या बाजूला आणा. तिथे ताणाच्या दोरीला त्याच दिशेने तिसरा वेढा द्या आणि टोक त्या वेढ्याखालून बाहेर काढा.

४. वेढे चिमटीत धरून एकमेकांना चिकटवा, मग आवळा. चार बोटं टोक उरू द्या.

गाठ ताडपत्रीकडे सरकवली की दोरी ताणते, खुंटीकडे आणली की सैल पडते. घसरत असेल तर फासाच्या आत आणखी एक वेढा वाढवा. आधी घरी खिडकीच्या गजाला बांधून हात बसवा. अंधारात, पावसात बोटांनाच आठवावं लागतं.

माणसाचं वजन मात्र हिच्यावर कधीही टाकू नका. हरिहर गडाच्या कातळपायऱ्यांवर आधाराला म्हणून तर नाहीच. ताण कमीजास्त होत राहिला की ही गाठ सरकू शकते. म्हणूनच वारा असेल तर झोपण्याआधी प्रत्येक दोरीला एकदा हात लावून पाहा.

सकाळी गाठ सोडायचीही गरज नाही. खुंटीकडे सरकवा, फास मोठा ठेवलेला असेल तर तो अलगद खुंटीवरून निघतो.