काढा, हिम, टिंक्चर, सिद्ध तेल: वनौषधींचे द्रव प्रकार कसे ओळखायचे आणि कसे बनवायचे

ज्येष्ठमधाच्या एकाच मुळीचा काढा केला, ती थंड पाण्यात भिजवली, दारूसारख्या द्रावकात मुरवली किंवा वाफेवर तिचा अर्क काढला, तर चार बाटल्यांत चार वेगळी औषधं उतरतात. काढा गोड लागतो, अर्कात मात्र तो गोडवा नावालाही नसतो, कारण ज्येष्ठमधातला गोड घटक वाफेबरोबर वर जातच नाही. म्हणून वनस्पतीचं नाव कळलं की औषध कळलं, असं होत नाही. तीन गोष्टी विचाराव्या लागतात: कशात उतरवलं, किती वनस्पतीला किती द्रव घेतला, आणि उष्णता किती दिली?

पाण्यात चिकट पदार्थ, तुरट टॅनिन, साखरा, क्षार आणि बरेचसे ग्लायकोसाइड (साखरेच्या कणाशी जोडलेले घटक) उतरतात. राळ आणि डिंकी राळ पाण्याला दाद देत नाही, तिला तीव्र अल्कोहोल लागतं. सुगंधी तेलं अल्कोहोलमध्ये आणि तेलात छान विरघळतात. पाण्यात ती जेमतेम येतात, आणि भांडं उघडं असेल तर आलेलीही उडून जातात. एवढं लक्षात असलं तर पुढचे सगळे प्रकार आपोआप जागेवर बसतात.

स्वरस, फांट आणि हिम

ताजी वनस्पती कुटून पिळली की स्वरस मिळतो. रसाळ पानांना एवढंच पुरतं. अडुळशासारखं चिवट पान मात्र कितीही कुटलं तरी थेंबभर रस देतं. अशी पानं आधी पाच-सात मिनिटं वाफवायची, कोमट असतानाच कुटायची आणि कापडातून पिळायची. वाफेने पेशींच्या भिंती सैल होतात आणि रस सुटतो. जुनी पुटपाकाची रीत हेच काम करते: पानांचा गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळून वर मातीचा लेप द्यायचा, विस्तवात भाजायचा आणि मग पिळायचा. स्वरस काढल्या दिवशीच संपवावा. उरलाच तर बर्फाच्या साच्यात गोठवावा, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तो पटकन आंबतो.

फांट पानाफुलांसाठी. उकळतं पाणी वनस्पतीवर ओतायचं, झाकण घालायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि गाळायचं. परंपरेतलं प्रमाण एक भाग वनस्पतीला चार भाग गरम पाणी, म्हणजे चांगलंच कडक. रोजच्या सौम्य पेयाला सुकलेली दीड-दोन ग्रॅम पानं आणि 200 मिली पाणी पुरतं. झाकण ही इथली सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे. तुळस, पुदिना यांचा गुण त्यांच्या सुगंधी तेलात आहे, आणि खोलीभर दरवळणारा वास म्हणजे पेल्यातून निघून गेलेलं औषध. गाळण्याआधी झाकणाला आतून चिकटलेले थेंबही पेल्यात झटकून घ्यावेत.

हिम म्हणजे शीतकषाय. एक भाग भरड (जाडसर कुटलेली वनस्पती) सहा भाग थंड पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी कुस्करून गाळायची. धने आणि वाळ्यासाठी ही रीत चालत आली आहे, आणि चिकट पदार्थ असलेल्या मुळांसाठीही हीच उत्तम. अशा मुळांत बऱ्याचदा स्टार्चही भरपूर असतो. उकळलं की स्टार्च फुगून सगळ्याची खळ होते. थंड पाण्यात चिकट भाग उतरतो आणि स्टार्च मागे राहतो. मात्र थंड पाणी जंतू मारत नाही. पाणी आधी उकळून गार केलेलं घ्यावं, भांडं झाकावं, उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवावं आणि हिम त्याच दिवशी संपवावा.

काढा

सर्वांत जास्त केला जाणारा आणि सर्वांत जास्त बिघडणारा प्रकार हाच.

काढा साली, मुळं, खोडं, कठीण फळं आणि बिया यांचा. वनस्पती भरड हवी, साधारण जाड रव्याएवढी. वस्त्रगाळ चूर्ण घेतलं तर ते तळाशी बसून करपतं, गाळताना कापड तुंबतं आणि पेल्यात चिखल उतरतो. अख्खे तुकडे घेतले तर पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही.

पाण्याचं प्रमाण वनस्पतीच्या कठीणपणावर ठरतं: मऊ असेल तर चौपट, मध्यम असेल तर आठपट, कठीण असेल तर सोळापट. आटवून साधारण चौथा हिस्सा उरवतात. काही पाठांत (ग्रंथांतल्या कृतींत) सोळापट पाणी आठव्या हिश्श्यावर आणायला सांगितलेलं असतं, तेव्हा ज्या पाठाचा काढा करायचा त्यातलंच प्रमाण धरावं. समजा अर्जुनाची साल 20 ग्रॅम घेतली, तर पाणी 320 मिली आणि उरवायचं 80 मिली. कठीण साल त्याच मोजलेल्या पाण्यात रात्रभर भिजवून ठेवली तर उतारा बराच सुधारतो.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा मातीचं घ्या. लोखंडात टॅनिनशी संयोग होऊन काढा शाईसारखा काळा पडतो. हरड्याचा काढा लोखंडी कढईत केला की हे डोळ्यांदेखत दिसतं. तांबं आणि ॲल्युमिनियमही टाळा.

किती आटलं ते अंदाजाने ठरवू नका. रिकाम्या भांड्यात 80 मिली पाणी ओता, स्वच्छ लाकडी काडी उभी बुडवून ओल्या रेषेवर खूण करा, मग उरलेलं पाणी आणि भरड घाला. काढा मंद आचेवर, झाकण न ठेवता आटवायचा. एवढ्या मापाला पाऊण ते एक तास लागावा. पंधरा मिनिटांत पाणी आटलं तर ते मोठ्या आचेने उडालेलं असतं, वनस्पतीतून फारसं काही उतरलेलं नसतं, आणि रंग गडद दिसला तरी काढा हलकाच राहतो. चोथा फुगून बरंच पाणी धरून ठेवतो, म्हणून खुणेच्या किंचित वर असतानाच उतरवा, कापडातून घट्ट पिळा आणि मोजा. 80 पेक्षा जास्त भरला तर गाळलेला काढा पुन्हा आटवा. कमी भरला तर चोथ्यावर थोडं उकळतं पाणी ओतून पुन्हा पिळा आणि माप पुरं करा.

मिश्र काढ्यात सगळं एकदम टाकण्याची सवय सोडावी. कठीण साल-मूळ आधी, मध्यम वस्तू अर्ध्यावर, आणि तुळस, पुदिना, दालचिनी, वेलदोडा यांसारख्या सुवासिक वस्तू आच बंद केल्यावर. त्या घातल्या की झाकण लावून दहा मिनिटं थांबा. एकाच पातेल्यात काढा आणि फांट दोन्ही साधतात.

काढा ताजाच घ्यावा. फ्रीजमध्ये फार तर 24 तास. आंबूस वास, बुडबुडे किंवा पृष्ठभागावर साय दिसली तर फेकून द्या, पुन्हा उकळून तो दुरुस्त होत नाही.

टिकवायचं असेल तर: पाक आणि आसव-अरिष्ट

काढ्याचं आयुष्य साखरेने वाढतं, पण साखर पुरेशी असेल तरच. 100 मिली काढ्याला 200 ग्रॅम साखर, म्हणजे वजनाने दोन तृतीयांश साखर. यापेक्षा कमी घातली तर पाक आंबतो. बराच जास्त आटवला तर थंड झाल्यावर साखरेचे खडे धरतात. काढा गाळून मोजल्यावरच साखर घाला, ती विरघळेपर्यंतच गरम करा, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय बाटलीला बूच लावू नका. कोमट पाकाची वाफ बुचाखाली जमते, तिचे थेंब वरच्या थरात पडून तेवढाच थर पातळ होतो आणि बुरशी नेमकी तिथेच धरते. साखरेऐवजी मध घ्यायचा असेल तर काढा गार झाल्यावर मिसळा. एक वर्षाखालच्या बाळाला मध कोणत्याही स्वरूपात देऊ नये, त्यातून बॉट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या आजाराचा, धोका असतो.

आसव आणि अरिष्टांत टिकवण्याचं काम आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल करतं. सर्वसाधारणपणे न उकळलेल्या द्रव्यांपासून आसव आणि काढ्यापासून अरिष्ट. गूळ, साखर किंवा मध हे आंबण्याचं खाद्य, आणि धायटीची फुलं आंबवण्याला चालना देतात. आंबणं चालू असेपर्यंत भांड्याला कान लावला तर बारीक सळसळ ऐकू येते आणि तोंडाशी धरलेली पेटती काडी कार्बन डायऑक्साइडमुळे विझते. सळसळ थांबली आणि काडी जळत राहिली की आंबणं संपलं. यात तापमान, स्वच्छता आणि काळ तिन्ही साधावं लागतं, आणि फसल्यास व्हिनेगर किंवा त्याहून वाईट काही हाती येतं. त्यामुळे हा प्रकार समजून घ्यावा, पण तयारच घ्यावा.

टिंक्चर

टिंक्चर म्हणजे अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणात मुरवून काढलेला वनस्पतीचा उतारा. त्याच्या लेबलवर 1:5, 60% असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 1 ग्रॅम सुकी वनस्पती 5 मिली द्रावकात, आणि त्या द्रावकात 60 टक्के अल्कोहोल. हे दोन आकडे नसतील तर बाटलीत किती औषध आहे हे कळायला मार्ग नाही. नुसतं ‘अर्क’ लिहिलेली बाटली टिंक्चरही असू शकते आणि वाफेवर काढलेलं सुगंधी पाणीही.

किती टक्क्यांचं अल्कोहोल घ्यायचं ते आत काय आहे त्यावर ठरतं. टॅनिन आणि पाण्यात उतरणाऱ्या ग्लायकोसाइडना 25 ते 40 टक्के पुरतं, अल्कलॉइड (नायट्रोजन असलेले, बहुधा कडू घटक) आणि सुगंधी तेलांना 45 ते 70, राळेला 90 च्या आसपास. चिकट पदार्थ मात्र अल्कोहोलमध्ये गोळा होऊन खाली बसतात, त्यांच्यासाठी टिंक्चर हा चुकीचा मार्ग आहे. द्रावक फक्त खाण्यायोग्य इथेनॉल. रंगकामाचं मेथिलेटेड स्पिरिट किंवा जखमेवर लावायचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल विषारी आहे, मेथिलेटेड स्पिरिटमधल्या मेथेनॉलने डोळे आणि जीव दोन्ही जातात.

95 टक्क्यांवरून 60 टक्क्यांचं 500 मिली द्रावक करायचं तर 500 गुणिले 60 भागिले 95, म्हणजे सुमारे 316 मिली अल्कोहोल मापात घ्या आणि पाण्याने 500 पर्यंत भरा. वेगळं 184 मिली पाणी मोजून ओतू नका. मिसळल्यावर दोन्हींचं आकारमान थोडं आकसतं आणि माप चुकतं.

रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत 100 ग्रॅम भरड घाला, 500 मिली द्रावक ओता, घट्ट झाकण लावून अंधारात ठेवा. दुसऱ्या दिवशी वनस्पती फुगून वर डोकावत असेल तर तिला खाली दाबा, द्रावकाबाहेर राहिलेल्या भागावर बुरशी येते. हलकी फुलं 1:5 मध्ये बुडतच नाहीत, त्यांना 1:8 किंवा 1:10 घ्या आणि तसं लेबलवर लिहा. रोज हलवा. दोन आठवडे किमान, चार पुरेसे. मग गाळून चोथा जोर लावून पिळा, रात्रभर स्थिर ठेवा, वरचा निवळ भाग फिल्टर पेपरमधून काढून गडद बाटलीत भरा. 500 पैकी साधारण 400 मिली हाती येतं, बाकीचं चोथा राखतो.

ताज्या वनस्पतीत स्वतःचं पाणी असतं ते विसरू नका. 100 ग्रॅम ताज्या पानांत 80 ग्रॅम पाणी धरलं आणि 200 मिली 95 टक्के अल्कोहोल घातलं, तर अखेरची तीव्रता सुमारे 68 टक्के होते. हाच हिशेब सौम्य द्रावकाने केला तर तीव्रता टिकण्याच्या मर्यादेखाली जाऊ शकते. शेवटी 25 टक्क्यांच्या वर राहिलं पाहिजे.

टिंक्चर पाण्यात घातल्यावर दुधाळ झालं तर घाबरू नका, विरघळलेली राळ किंवा तेल पाण्यात वेगळं होतं म्हणून तसं दिसतं. तुरट सालींचं टिंक्चर काही महिन्यांनी जेलीसारखं घट्ट होऊ शकतं. सुरुवातीलाच द्रावकात दहावा हिस्सा ग्लिसरीन घातलं तर हे बरंच टळतं.

अल्कोहोल नको असणाऱ्यांसाठी ग्लिसरीनमधला उतारा आहे: सुक्या वनस्पतीला तीन भाग ग्लिसरीन आणि एक भाग पाणी. चवीला गोड, पण राळ आणि बरीच अल्कलॉइड यात नीट येत नाहीत, आणि ग्लिसरीन 60 टक्क्यांच्या खाली गेलं की टिकत नाही. लहान मुलं, गर्भवती, यकृताचे रुग्ण आणि मेट्रोनिडाझोल किंवा डायसल्फिराम ही औषधं घेणारे यांनी टिंक्चर टाळावं. गरम पाण्यात थेंब टाकले की अल्कोहोल उडून जातं हा समज चुकीचा आहे, बराचसा हिस्सा राहतो.

सिद्ध तेल

सिद्ध तेल म्हणजे वनस्पती घालून शिजवलेलं तेल. जुनं प्रमाण 1:4:16. कल्क (वनस्पतीची वाटलेली चटणी) 50 ग्रॅम, तेल 200 मिली, काढा किंवा इतर द्रव 800 मिली. मंद आचेवर सतत ढवळत सगळं पाणी आटवायचं. पाणी संपत आलं की तेलावर फेस येतो. (तुपात उलट, आधीचा फेस शमतो.) कल्क बोटांत वळून वात होते का पाहा आणि ती ज्योतीत धरा. चटचट आवाज आला तर पाणी शिल्लक आहे. आवाज न करता जळली तर पाक (म्हणजे तेल शिजणं) पूर्ण झाला, कोमट असतानाच गाळा. कल्क कडक होऊन कुरकुरीत झाला तर पाक पुढे गेला, त्या तेलाला करपट वास येतो.

राहिलेलं पाणी हेच तेल बिघडण्याचं मुख्य कारण. ताजी लसूण किंवा पानं नुसती तेलात बुडवून घराच्या तापमानाला ठेवू नका, हवाबंद ओलाव्यात बॉट्युलिझमचे जंतू वाढतात. न उकळता तेल करायचं तर वनस्पती कडकडीत सुकलेली हवी.

मात्रा मोजताना

वरच्या मापाने केलेल्या 40 मिली काढ्यात 10 ग्रॅम वनस्पतीचा उतारा असतो, 1:5 टिंक्चरच्या 5 मिलीत फक्त 1 ग्रॅमचा. एका प्रकारची मात्रा दुसऱ्याला लावू नये. थेंबांवरही भिस्त नको. पाण्याचे साधारण 20 थेंब 1 मिली भरतात, अल्कोहोलचे थेंब लहान असतात म्हणून जास्त लागतात. ज्येष्ठमध नियमित घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो आणि पोटॅशियम घटू शकतं, त्यामुळे रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर आधी वैद्यांना विचारावं. बाटलीवर वनस्पतीचं नाव आणि वापरलेला भाग, ताजी की सुकी, प्रमाण, द्रावकाची तीव्रता आणि तारीख लिहा, आणि हे सगळं बरणी भरतानाच, कारण महिन्याभराने दोन तपकिरी बरण्या सारख्याच दिसतात.